मागे भिंत नाही

फिल्मी आणि भावगीतांच्या ऑर्केस्ट्रात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमचे बहुतेक कार्यक्रम उघड्यावर होतात. भाद्रपदात गणपतीचे मंडप, मग नवरात्र, कोजागिरीला एखाद्या सोसायटीची गच्ची, दिवाळी पहाट, थंडीत लग्नाची लॉन्स आणि माघापासून पुढे गावोगावच्या जत्रा. नाट्यगृहातला शो वर्षाकाठी थोडाच. गिटारच्या क्लासात सूर शिकवतात, कॉर्ड शिकवतात, अगदी तार कशी बदलायची हेही शिकवतात. मैदानात ॲम्प कुठे ठेवायचा, कसा लावायचा हे मात्र कोणी शिकवत नाही. मला ते ज्यांनी शिकवलं त्यातल्या एकालाही गिटार वाजवता येत नव्हती. आमचे साउंडवाले मामा, वेगवेगळ्या गावांचे जनरेटरवाले, आणि एक मंडपवाला.

मैदानात सगळ्यात आधी जाणवतं ते हे, की घरी बसून जुळवलेला आवाज तिथे सापडतच नाही. ॲम्प तोच, गिटार तीच, बटणंही होती तिथेच. पण आवाज बारीक, कोरडा आणि कानाला टोचणारा. न्हाणीघरात गाणाऱ्याला आपला गळा गोड वाटतो त्याचं निम्मं श्रेय फरशांचं असतं, आणि खोलीत वाजणाऱ्या ॲम्पचंही तेच आहे.

माझा ॲम्प व्हॉल्व्हचा, चाळीस वॅटचा, एका बारा इंची स्पीकरचा आणि मागून उघडा. स्पीकरचा कागद पुढे ढकलतो तेव्हाच मागे ओढतो, म्हणजे पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या उलट असतात. खोलीत मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, कोपऱ्यांत फिरतो, आणि त्यातून खर्जाला अंग येतं. मैदानात माझ्या मागे असतो तो फ्लेक्स. त्यावर आमदार हात जोडून हसत असतात, पण खर्ज अडवण्याचं काम काही त्यांना जमत नाही. खालचे सूर खोक्याला वळसा घालून पुढच्या सुरांना भेटतात आणि दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर वळत नाहीत, सरळ पुढे जातात. त्यामुळे समोर पोचतं ते बहुतेक वरचंच. शिवाय अंतर आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि ती उतरण भरून काढायला ना छत असतं, ना भिंत.

अशा वेळी हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. सगळ्या गिटारवाल्यांचा जातो. मोठा ॲम्प घेतला की प्रश्न सुटेल असंही प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. पण पन्नास वॅटचा काढून शंभर वॅटचा आणला तर वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायला सुमारे दहा लागतात. म्हणजे पाठीचं दुखणं दुप्पट आणि आवाज जरासा जास्त. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स उभे राहिले तेव्हा समोर पंचावन्न हजारांवर माणसं होती आणि गिटारींसाठी व्हॉक्सचे शंभर वॅटचे ॲम्प होते. त्या काळात एवढा मोठा ॲम्प म्हणजे चैन. तरी पोरींच्या किंचाळण्यापुढे त्यांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं, कारण मंचावर मॉनिटर नव्हते. नुसत्या ॲम्पच्या जिवावर मैदान भरत नाही हे तेव्हाच दिसून आलं होतं. आज ते काम साउंड सिस्टीमचं आहे. माझ्या ॲम्पने दोनच ठिकाणी पोचायचं असतं. एक, त्याच्या तोंडापासून दोन इंचांवरचा माइक, आणि दुसरा माझा कान.

त्यातलं कानाचं काम जास्त अवघड आहे, कारण ॲम्प जमिनीवर असतो आणि कान साडेपाच फुटांवर. बारा इंची स्पीकर वरचे सूर सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारखे फेकतो. मी ॲम्पपासून चार फुटांवर उभा असलो तर तो झोत माझ्या पोटऱ्यांना लागतो. मला वाटतं आवाज मऊ आहे, जरा ट्रेबल वाढवू. आणि पहिल्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी बसलेल्या काकू कानात पदर कोंबतात. एकदा सोलापूरकडच्या एका जत्रेत मंडपवाला स्वतःच येऊन म्हणाला, "दादा, तुमचं खोकं माणसांच्या अंगावर ओरडतंय. त्याला खुर्चीवर बसवा की." आणि त्याने लाल प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ॲम्प खुर्चीवर गेला, पाठीला जरा मागे कलला, आणि पहिल्यांदा मला माझा खरा आवाज ऐकू आला. फार टोकदार होता. मी ट्रेबल बरंच उतरवलं, काकूंनी पदर खाली घेतला.

खुर्चीचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. आपल्याकडचं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर फळ्या, त्यावर प्लाय, त्यावर जाजम. खाली सगळं पोकळ. ॲम्प थेट त्यावर ठेवला तर तो फळ्यांनाच वाजवायला लागतो आणि एक घुमणारा, गढूळ खर्ज सगळ्या माइकांत शिरतो. तो खर्ज गिटारचा म्हणून कोणाला ओळखूही येत नाही. ढोलकीवाला म्हणतो माझा डग्गा असा का वाजतोय, ऑक्टोपॅडवाला म्हणतो माझा किक बिघडलाय. खुर्चीच्या चार पायांवर ॲम्प गेला की हे बरंच थांबतं. ॲम्पच्या आतल्या स्प्रिंगच्या रिव्हर्बचं तर विचारूच नका. लावणीला नाचणारी मुलगी पाय आपटते, फळी हलते, स्प्रिंग हलते, आणि ऐन पॉजमध्ये गिटारमधून ढगांचा गडगडाट होतो. लोकांना तो इफेक्ट वाटतो. मी मात्र मैदानात स्प्रिंग बंदच ठेवतो आणि त्याऐवजी पायातल्या पेडलचा डिले अगदी हलका लावतो. काही तरी लागतंच. उघड्यावर सुराला शेपूटच नसतं; तार सोडली की आवाज तिथेच तुटतो, आणि संथ गाण्यात ते फार उघडं-उघडं वाटतं.

आता माइक. साउंडवाल्याकडे गायकांचे माइक पुष्कळ असतात, गिटारला त्यातलाच उरलेला एखादा मिळतो. म्हणून मी माझा शुअरचा एसएम ५७ बॅगेत ठेवतो. हा माइक १९६५ पासून बनतो आहे, अजून तसाच आहे, आणि त्याच्यावर खुर्ची पडली तरी चालतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तो ॲम्पसमोर कुठे ठेवायचा यावर निम्मा आवाज ठरतो. जाळीच्या कापडामागे स्पीकर नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की दिसतो. मधल्या टोपीच्या मध्यावर माइक रोखला तर आवाज काचेसारखा तीक्ष्ण येतो. टोपीची कड जिथे कागदाला मिळते तिथे रोखला तर अंग येतं. अजून बाहेर नेला तर मवाळ होतो. मैदानातली माझी आवडती जागा म्हणजे ती कड. कापडावर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा कायमचा चिकटवलेला आहे, म्हणजे अंधारात, घाईत, कोणीही माइक लावला तरी तिथेच लागतो. बुटका स्टँड मात्र हमखास नसतो. मग गायकाचा उंच स्टँड वाकवून, त्याच्या पायावर वीट ठेवून भागवतात, आणि दुसऱ्या गाण्याला कोणीतरी त्याला अडखळतं. ज्यांना हा व्याप नको त्यांनी सेन्हायझरचा ई ९०६ घ्यावा. तो चपटा असतो, वायरने ॲम्पवरून नुसता लोंबता सोडला तरी त्याचं तोंड स्पीकरकडेच राहतं. ५७ असा लोंबवला तर तो जमिनीकडे बघत बसतो. पुष्कळ कार्यक्रमांत मी तसा बघितला आहे.

मामांशी माझं पहिलं बोलणं झालं ते याच माइकवरून. ते जत्रेतल्या कर्ण्यांपासून लाइन ॲरेपर्यंत सगळ्या काळातून आलेले, साठी ओलांडलेले, मिक्सरवर बसताना चष्मा कपाळावर ठेवणारे.

"मामा, गिटारचा बेस जरा कमी करा."

"कमी? अरे सगळे वाढवा म्हणत येतात. तुझी तब्येत बरी आहे ना?"

"माइक जवळ आहे ना, म्हणून फुगतोय."

त्यांनी लो कट दाबला, शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, आणि थोडा वेळ ऐकत राहिले. "आता गाणं मोकळं झालं," म्हणाले. माइक अगदी जवळ नेला की त्यात खर्ज फुगतो, हा अशा माइकांचा स्वभाव आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, पण ऑर्केस्ट्रात त्या तळाशी बेस गिटार असते, डग्गा असतो, किक असतो. गिटारने तिथे गर्दी करायची गरज नसते. तिची जागा मध्ये आहे. घरी मंद आवाजात वाजवताना मधले सूर कमी करून खालचे-वरचे वाढवले की फार भरल्यासारखं वाटतं, कारण मंद आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. आवाज मोठा झाला की कान सरळ होतो, आणि घरी वाढवलेलं सगळं अंगावर येतं. मधलं तर आधीच काढून टाकलेलं. मग ती गिटार मैदानात झांजेखाली आणि किबोर्डखाली गडप होते, आणि मागून ती वाजवणारा पोरगा हातवारे करून सांगत राहतो की मला वाढवा.

म्हणून मैदानात मी मिड्‌स वर ठेवतो, एकट्याने ऐकलं तर नाकातलं वाटेल इतके वर. आणि गेन घरच्यापेक्षा बराच कमी. हे नव्या पोरांना पटत नाही. गेन भरपूर असला की खोलीत आवाज रुंद आणि तगडा वाटतो. मैदानात मात्र त्याचा नुसता खरखराट उरतो आणि कोणता सूर वाजला तेच कळत नाही. संगीतकार पंचमच्या काळातली गाणी वाजवायची तर हे विशेष सांभाळावं लागतं. 'दम मारो दम'ची १९७१ मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. तिच्यात विजेचा कडकपणा आहे, पण प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. गेन चढवून ती वाजवली की मागच्या रांगेपर्यंत नुसती धून पोचते, बोटं पोचत नाहीत.

मागच्या रांगेत काय ऐकू येतं हे मंचावरून कळत नाही. तिथे जाऊनच ऐकायला हवं. लांब वायर घेऊन मिक्सरपर्यंत जाणं हा उपाय पुष्कळ जण करतात, मला तो आवडत नाही. एक तर वायर लांबली की वरचे सूर वायरमध्येच मरतात, म्हणजे ऐकतो ते खरं नसतं. दुसरं, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिक्सर स्टेजपासून तीस मीटरवर असेल तर स्वतःचं वाजवणं जवळजवळ सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा कानावर येतं. तेवढ्याने हात अडखळतो. त्यापेक्षा पायात लूपर पेडल ठेवायचं, चार ओळी वाजवून त्यात भरायच्या, ते फिरत ठेवायचं आणि गिटार काढून ठेवून पायी निघायचं. मिक्सरपाशी, मग त्याच्या मागे, मग अगदी भेळेच्या गाडीपर्यंत. मामांना हे फार आवडलं. "हा पहिला गिटारवाला जो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला," असं ते दुसऱ्या साउंडवाल्याला सांगत होते. त्यानंतर गिटारच्या सोलोला त्यांचा हात न सांगता फेडरवर जायला लागला. ॲम्पवर खर्च केलेल्या कुठल्याही पैशापेक्षा हे जास्त कामी आलं आहे.

पण चार वाजता भेळेच्या गाडीपाशी जे ऐकलं ते रात्री नऊला तिथे राहत नाही. दुपारी जमीन तापलेली असते, जमिनीजवळची हवा गरम आणि वरची त्यामानाने थंड, त्यामुळे आवाज वर वाकतो आणि मागच्या लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य गेला, जमीन निवली की उलट होतं. खालची हवा थंड, वरची गरम, आणि आवाज खाली वाकून लांबपर्यंत जातो. रात्री पलीकडच्या गावातली जत्रा आपल्या अंगणात ऐकू येते ती यामुळेच. वाऱ्याचंही तसंच. वारा प्रेक्षकांकडून स्टेजकडे येत असेल तर मागचे लोक तक्रार करतात, आणि झुळूक बदलत राहिली तर वरचे सूर मध्येच येतात, मध्येच जातात. फेज पेडल लावल्यासारखं वाटतं. माघ-फाल्गुनात मराठवाड्यात हवा कोरडी असते आणि कोरडी हवा वरचे सूर जास्त पिते. लांबच्या माणसाला गिटार मातकट ऐकू येते. गोव्यात समुद्राकाठच्या दमट हवेत तेच सूर दूरवर शाबूत जातात. त्यामुळे दुपारच्या साउंड चेकमध्ये मी ॲम्प अगदी नेमका जुळवण्याच्या फंदात पडत नाही. माइकची जागा आणि गेन पक्का करतो, बाकीचं पहिल्या दोन गाण्यांत होतं. समोर माणसं बसली की त्यांच्या अंगावरच्या कपड्यांनीही बराच आवाज गिळलेला असतो.

विजेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि गिटारवाले सगळ्यात कमी बोलतात तेही त्यावरच.

मैदानात वीज येते जनरेटरवरून, नाही तर मंडळाने जवळच्या खांबावरून घेतलेल्या जोडणीवरून. कार्यक्रम सुरू होतो, लाइटवाला सगळे पारचे दिवे एकदम लावतो, आणि व्होल्टेज २३० वरून खाली बसतं. व्हॉल्व्हचा ॲम्प हे लगेच दाखवतो. आवाज मऊ पडतो, ठोका उशिरा आल्यासारखा वाटतो. मी बॅगेत मल्टिमीटर ठेवतो आणि ॲम्प लावण्याआधी सॉकेट मोजतो. याला आमच्या ग्रुपमध्ये हसतात. पण एका गावात जनरेटरवाल्याने मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते ऐकल्यावर मी त्या हसण्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. तीन फेजची जोडणी असते तेव्हा सगळ्यांचा न्यूट्रल एकच. तो कुठे ढिला झाला, सुटला, की ज्या फेजवर भार कमी त्याच्यावरचं व्होल्टेज चढत जातं, पार चारशेच्या जवळ. "दादा, तुमचा फेज लाइटपासून वेगळा मागा, आणि न्यूट्रलचा नट तुमच्यासमोर आवळून घ्या," तो म्हणाला. तेव्हापासून मी कुठेही गेलो की मुकादमाच्या आधी जनरेटरवाल्याला भेटतो. चहा त्याला आधी.

दुसरी गोष्ट अर्थिंग. गिटारवाल्याचे हात तारांवर असतात, तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि ओठ माइकला लागतात, जो मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. या दोन्ही अर्थिंगमध्ये फरक असला की वीज त्यांच्यामधून, म्हणजे माणसातून जाते. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच मंचावर माइकला हात लागून गेला. ओल्या मैदानात, श्रावण-भाद्रपदात हे धोके वाढतात. आपल्याकडे अर्थिंगची लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, भोवती मीठ टाकतात, पाणी ओततात. कडक जमिनीत दर थोड्या वेळाने पाणी घालत राहावं लागतं. हे काम कोणी केलं आहे का, हे विचारायला लाजू नये. आणि कोरसला तोंड उघडायच्या आधी मी बोटाची पाठ माइकच्या जाळीला हलकेच लावून बघतो. मुठीत धरून बघत नाही, कारण झटका बसला तर मूठ मिटते. माइकवर स्पंजची टोपी असली तर ओठ धातूपासून लांब राहतात. वाऱ्याचा भसभस आवाज थांबतो तो वरचा फायदा.

गुरगुर आली की काही साउंडवाले प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. गुरगुर थांबते आणि सगळे खूश होतात. मी तिथे भांडतो. गुरगुर घालवायला ॲम्प आणि मिक्सरच्या मधल्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या वायरीचा अर्थ तोडतं, ॲम्पचा नाही. ते वापरावं. गुरगुरीची एक गंमत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिची दुप्पट १००. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे आपली गुरगुर जवळजवळ जीमध्येच असते, आणि जी मेजरमधलं गाणं असलं तर ती तानपुऱ्यासारखी खपूनही जाते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे त्यांची गुरगुर बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी पडते, कुठल्याच गाण्याला कामाची नाही.

हल्ली मागे एलईडीची भिंत असते. सिंगल कॉइल पिकअपची गिटार तिच्याकडे तोंड करून धरली की तिचा खरखराट थेट तारांतून वाजतो. अंगाने थोडं वळलं की एका कोनात तो बराच कमी होतो. तो कोन सापडला की संपूर्ण कार्यक्रम मी त्याच दिशेने उभा राहतो, मग निवेदिकेला वाटो की हा माणूस लोकांकडे बघतच नाही. एलईडी असणार हे आधी कळलं तर हंबकर पिकअपची दुसरी गिटार नेतो.

दिवाळी पहाट हा या सगळ्यात वेगळा प्रकार. बागेत हिरवळीवर लोक शाली पांघरून बसतात, अंधार असतो, दव पडत असतं. ॲम्पचा कागदी कोन दमट हवेत थोडा मऊ वाजतो, मला ते गोडच वाटतं. गिटारचं लाकूड मात्र गाडीतल्या उबेतून थंडीत आलं की सूर सोडतं, म्हणून मी पेटी अर्धा तास आधीच उघडून ठेवतो आणि तारा शेवटी जुळवतो. इथे आवाज मोठा चालतच नाही. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत, आणि निवासी भागात त्या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली किती रॉक मैफिली झाल्या, इंडिपेंडन्स रॉक तिथलंच. आजूबाजूची रुग्णालयं आणि कॉलेजं लक्षात घेता ते शांतता क्षेत्रात आलं आणि तो आवाज बंद झाला. वाजवणारा म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. पण रुग्णालयात आई झोपलेली असताना बाहेर बेस बिन्स ऐकलेले आहेत, त्यामुळे नियमाच्या विरोधात बोलायला तोंड उघडत नाही. पहाटेला मोठा ॲम्प एकवरच ठेवावा लागला असता. व्हॉल्व्हचा ॲम्प एकवर झोपलेलाच असतो, त्याला जाग यायला जरा वर न्यावा लागतो. म्हणून तिथे पंधरा वॅटचा छोटा ॲम्प नेतो. लहान ॲम्प थोडा दमवलेला, मोठ्या ॲम्पला पेंगत ठेवण्यापेक्षा केव्हाही बरा वाजतो.

भाड्याने मिळणाऱ्या ॲम्पमध्ये आपल्याकडे रोलंडचा जेसी १२० बऱ्याच ठिकाणी भेटतो. १९७५ पासूनचं मॉडेल, व्हॉल्व्ह नाहीत, दोन बारा इंची स्पीकर, साठ अधिक साठ वॅट. व्होल्टेज हललं तरी त्याचा आवाज फारसा हलत नाही, पावसाळी कार्यक्रमाला मी तोच मागतो. तो इतका स्वच्छ वाजतो की हाताची प्रत्येक चूक ऐकू येते, एवढीच त्याची तक्रार. त्याच्यात ट्रेबल उतरवायचं, ब्राइटचं बटण बंद ठेवायचं, माइक एकाच स्पीकरला लावायचा.

नवीन पोरं तर ॲम्पच आणत नाहीत. पायाशी एक पेटी, तिच्यात सगळे ॲम्प, सगळे स्पीकर, माइकसुद्धा. एक वायर मिक्सरला आणि कानात इयरफोन. मी सुरुवातीला नाक मुरडलं. पण आमच्यातला एक तरुण गिटारवादक ती पेटी घेऊन आला तेव्हा मी भेळेच्या गाडीपाशी उभं राहून ऐकलं आणि मला फरक करता आला नाही. खोकंच नाही म्हटल्यावर फळ्या घुमत नाहीत, पहिल्या रांगेला त्रास नाही, माइकला कोणी अडखळत नाही. मामा तर म्हणाले, सगळ्यांनी हेच आणावं. मंचावर मात्र त्या पोराशेजारी उभं राहिल्यावर मला त्याची गिटार ऐकूच येत नव्हती. ती त्याच्या कानात होती आणि लोकांच्या कानात होती. ढोलकीवाल्याचंही तेच म्हणणं पडलं, उठावाला तो गिटारकडे बघून ठेका बदलतो, आणि त्याला बघायला मिळत होते फक्त हात. शेवटी त्याच्यासाठी मॉनिटरमध्ये गिटार द्यावी लागली, आणि मॉनिटर म्हणजे तरी काय, मंचावर ठेवलेला स्पीकरच.

येत्या मोसमात मी दोन्ही नेणार आहे. लॉनवरच्या लग्नांना, जिथे पाहुण्यांना गप्पा मारायच्या असतात, तिथे पेटी. जत्रेला ॲम्प आणि खुर्ची. खुर्ची आता घरूनच नेतो, कारण शेवटच्या जत्रेत मंडपवाल्याच्या सगळ्या खुर्च्यांवर सरपंचांची माणसं बसली होती.